एक डोळा आभाळात

त्या साली आमच्या आप्पांच्या गरीला मासे कमी आणि पाखरं जास्त लागली. बुरोंडीत अजून कुणी ही गोष्ट सांगायला बसलं की राखणदार काय, कोप काय, कोंबडा काय, सगळं घालून सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. मला ऐकून संताप येतो. अहो, मी होते तिथं! पाखराच्या पंखातून गरी काढताना टॉवेल मी धरला होता, तुम्ही नव्हे. पण खरं सांगते, सगळ्यात मोठा घोळ माझ्याच डोक्यात झाला होता, आणि तो अजून पुरता निस्तरलेला नाही.

आप्पा म्हणजे माझे सासरे. नाव हरिश्चंद्र, पण ते फक्त रेशनकार्डावर. तीस वर्षं बोटीवर खलाशी होते. सगळी दुनिया फिरले आणि घरी आणलं काय, तर एक पत्र्याची पेटी, एक कातडी पट्टा आणि मासे धरायची एक विद्या. कुणा जपानी खलाशानं शिकवली म्हणे. गरीला आमिष लावायचंच नाही. ना कोळंबी, ना माशाचा तुकडा. पांढऱ्या कोंबड्याच्या मानेची लांब पिसं घ्यायची, गरीभोवती दोऱ्यानं घट्ट गुंडाळायची, वर शिशाचा गोळा आणि गळ्याशी दोन वेढे तांबड्या दोऱ्याचे. मग तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, बांधून ती खडपावरून लांब फेकायची आणि झपाझप ओढायची. आमच्याकडं समुद्रात शिरलेल्या काळ्या कातळाला खडप म्हणतात. पाण्यात ती पिसं अशी लवलवतात की सुरमईला वाटतं, बारकी मासळीच पळाली. गावात आधी सगळे हसले. "पिसाला मासा लागतो होय? मग आख्खा कोंबडाच सोडा की पाण्यात!" पण आप्पा हात हलवत कधी घरी आले नाहीत, तेव्हा हसणाऱ्यांची तोंडं आपोआप मिटली.

ह्या विद्येत एक खोड होती. जे माशाला फसवतं ते पाखरालाही फसवतं. थंडीत आमच्या किनाऱ्याला कुरव येतात, पांढरेशुभ्र, चांगले कोंबडीएवढे. गरी ओढताना वरवर आली की ते झडप घालतात. म्हणून आप्पांचा एक नियम होता. एक डोळा पाण्यात, एक डोळा आभाळात. पाखरू झेपावलं की तंगूस सैल सोडायचा. शिसं गरीला खाली नेतं आणि पाखरू फुकट चोच ओली करून जातं. पंधरा वर्षांत त्यांच्या गरीला एक पाखरू लागलं नव्हतं. ह्याची त्यांना सुरमईपेक्षा जास्त घमेंड. "मासा कुणीपण धरील," म्हणायचे, "पाखरू न धरता मासा धरून दाखव."

घरात आम्ही दोघंच. सासूबाई, काशीबाई, माझ्या लग्नानंतर वर्षाच्या आत गेल्या. नवरा मुंबईला छापखान्यात. महिपत त्यांचं नाव. आता घेते, तेव्हा घेत नव्हते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यांच्याबरोबर काढलेले दिवस धरले तर चार महिने भरले नसते. पोरबाळ नाही. शेजारची तुळसाकाकी माझ्या पोटाकडं बघूनच "काय गो, बरी हायस ना?" विचारायची. मला मुंबईला जायचं होतं. लाजायचं काय त्यात? नवऱ्याजवळ राहायचं होतं. पण हे म्हणायचे, "आप्पांना एकट्याला कसं टाकायचं? घराला कुलूप घालू, दोघंही चला." आणि आप्पा म्हणायचे, "मी खडप सोडून येणार नाय. तिथं काय करू? नळाखाली गरी टाकू?" ह्यांचं एक ठरलेलं होतं. ज्या दिवशी आप्पांचे हातपाय चालेनासे होतील, त्या दिवशी विचारायचं नाही, घराला कुलूप आणि दोघांना उचलून मुंबई. मी मनात रोज भांडायची आणि हातानं भाकऱ्या थापायची.

शहाऐंशी सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या वाडीची राखण होती. जागेचा जो राखणदार, त्याला वर्षातून एकदा कोंबडा द्यायचा. नारळ-सुपारीच्या शेवटच्या आगराच्या कडेला त्याचा दगड आहे. कोंबडा तिथं कापायचा, तिथंच शिजवायचा, तिथंच खायचा, आणि पिसं-हाडं तिथंच पुरायची. घरी काहीएक आणायचं नाही. त्या वर्षी कोंबडा मी पाळलेला होता, पांढरा, तोऱ्यात चालणारा. सगळे जेवायला बसले तेव्हा मी बघते तर आप्पा खड्ड्याशी वाकून त्याच्या मानेची पिसं कनवटीला खोचतायत.

"आप्पा, राखणीचं घरी न्यायचं नसतं."

"मांस खाल्लं ना इथंच? पिसं कोण खाणार, राखणदार?" आणि वर मलाच दरडावलं, "तोंड उघडलंस तर बघ."

त्या पिसांच्या त्यांनी तीन गऱ्या बांधल्या. आठव्या दिवशी दुपारी दारात येऊन उभे राहिले. टॉवेलात काहीतरी फडफडत होतं.

"कमळे, पक्कड आण. आणि हे धर. डोक्यावरचा टॉवेल काढू नको, अंधार असला की गप राहतं."

कुरव होता. गरी पंखात रुतलेली. गरीला उलटा दात असतो. मागं ओढली तर मांस फाडत येते. आप्पांनी ती मागं ओढली नाही. पुढंच ढकलली, दात कातडीबाहेर आला तसा पकडीनं कट्‌कन तोडला आणि मग बाकीची मागून अलगद काढून घेतली. पाखरू हललंसुद्धा नाही. हळद लावली, अंगणात सोडलं, दोन उड्या मारून गेलं.

"ऊन डोळ्यावर आलं होतं," आप्पा म्हणाले. मी म्हटलं, असेल बाई.

दोन दिवसांनी दुसरा कुरव. त्या आठवड्यात तिसरी तर घार. तांबडी, पांढऱ्या डोक्याची, जिला आमच्याकडं लोक हात जोडतात. तिच्या पायात गरी आणि तिनं आप्पांच्या मनगटावर नखं उमटवलेली. नेमकी त्या वेळी तुळसाकाकी ताक मागायला आली. तुळसाकाकीला कळलं म्हणजे आकाशवाणीला कळलं.

"अगो बाई, घारीला गरी! कसली पिसं लावली होती गो?"

आणि मी मूर्ख, सांगून बसले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तोच विषय. राखणदार आपली पिसं परत मागतोय. पाखरं त्याची, तो पाठवतोय. मी तुळसाकाकीला म्हटलं, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय?"

"एकदा कावळा म्हणशील, बाये. तीनदा कावळाच?"

मला रात्रीचं जेवण गोड लागेना. पंधरा वर्षांत नाही आणि आठवड्यात तीन. मी पिसं उचलताना बघितलं होतं आणि गप्प राहिले होते, म्हणजे पाप अर्धं माझं. आप्पा मात्र ढिम्म. कुणी बोललं की म्हणायचे, "राखणदार जुना माणूस हाय. पिसासाठी भांडायचा नाय."

शेवटी वाडीनं देवळात कौल लावायचं ठरवलं. आमचे गुरव भागोजी. देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. भागोजींनी विचारलं, "महाराजा, हा राखणदाराचा कोप आहे काय?" सगळी वाडी श्वास रोखून उभी. बराच वेळ काहीच नाही. आणि मग दोन्ही कळ्या एकदमच पडल्या.

भागोजी गोंधळले. चाळीस वर्षं कौल लावतायत, असं कधी झालेलं नव्हतं. डोकं खाजवून म्हणाले, "देव म्हणतोय, होय पण आणि नाय पण."

"म्हणजे देवालापण ठाऊक नाय," आप्पा मोठ्यानं म्हणाले. सगळे त्यांच्यावर डाफरले.

मग काय, होय धरूनच चालायचं ठरलं. दुसरा कोंबडा दिला, नारळ दिला. भागोजींनी आणखी सांगितलं की आठवडाभर घरातल्या कुणीतरी आप्पांबरोबर खडपावर जायचं, पहिली गरी टाकायच्या आधी मूठभर तांदूळ पाण्यात सोडायचे. घरातलं कुणीतरी म्हणजे मी. दुसरं होतं कोण?

पहाटेचं आवरून गेले. तांदूळ सोडले. आप्पांनी गरी फेकली, ओढायला लागले, आणि वरून एक कुरव घिरटी घेऊन खाली यायला लागला. सुकत घातलेल्या मासळीवर कावळा आला की आपण ओरडतो ना, तशी मी ओरडले, "आप्पा, कुरव!" आप्पांनी तंगूस सैल सोडला. कुरव पाण्याला चोच लावून गेला. सकाळभर असंच. मी आपली "आला आला! डावीकडं! आता डोक्यावर!" करून घसा कोरडा केला. एक पाखरू लागलं नाही आणि दोन सुरमया मिळाल्या.

वाडी खूश. राखणदार शांत झाला. दुसऱ्या दिवशी मला जमलं नाही, भात कांडून आणायचं होतं. आप्पा एकटे गेले. टॉवेलात कुरव! तिसऱ्या दिवशी मी गेले, काही नाही. चौथ्या दिवशी एकटे, पुन्हा पाखरू. आता आली का पंचाईत! कोंबडा तोच, नारळ तोच, तांदूळ तेच. मग एक दिवस कोप आणि एक दिवस कृपा, हे काय? तुळसाकाकीनं मात्र छडा लावला.

"तुझा पायगुण गो कमळा! तू असलीस की राखणदार गप."

कालपर्यंत माझ्या पायगुणाच्या नावानं बोटं मोडणारी ही बाई! आणि मला लाज वाटते सांगायला, पण मी फुगले. चार वर्षं वांझोटी म्हणून ऐकून घेतल्यावर कुणी चांगलं बोललं तर माणूस फुगणारच. महिनाभर मी रोज खडपावर गेले. बायका मला बघून डोईवरचा पदर सारखा करायला लागल्या.

माघात ह्यांचं पत्र आलं. आप्पा पूर्वी पत्र आधी स्वतः वाचायचे. वर्षभरापासून "तूच वाच, तुझ्या तोंडून बरं वाटतं" म्हणायला लागले होते. मला त्यात कौतुक वाटलं होतं, दुसरं काही सुचलं नव्हतं. पत्रात लिहिलं होतं की खोलीतला जोडीदार चैत्रात जाणार, खोली मोकळी होईल. "आप्पांचं एकट्याचं नीट चालतं ना? काही कमी-जास्त असेल तर लपवू नको, खरं लिही." शेवटची ओळ मी वाचली नाही. का वाचली नाही, मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी खडपावर एक कुरव येऊन बसला, आप्पांच्या अगदी हाताच्या अंतरावर. माशांच्या वासानं आला असणार. आमची माशांची पिशवीही पांढरी, ती त्याच्या पलीकडं होती. आप्पा म्हणाले, "थांब, ती पिशवी सावलीत सरकवतो," आणि त्यांनी सरळ त्या कुरवाच्या मानेला हात घातला. कुरव कलकलाट करत त्यांच्या तोंडावरून उडाला. आप्पा मागच्या मागं बसलेच.

"मेलं! अंगावरच आलं!" म्हणून हसले.

मी पण हसले. पण पिशवी कुठं आणि हात गेला कुठं, हे मी परत बघून घेतलं. छे, कुणाचीही चूक होईल, ऊन चमकत होतं, मी मनाला सांगितलं. मग वाटलं, पत्र वाचत नाहीत. मग वाटलं, खडपावर तर झपाझपा चालतात. मग आठवलं, त्या वाटेनं ते डोळे मिटूनही चालतील. कोंबडा, पिसं, कौल, पायगुण, सगळं डोक्यात एका मडक्यात ढवळल्यासारखं झालं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

म्हणून मी ते केलं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी गरी फेकली, ओढायला लागले, कुरव आला, आणि मी ओरडले नाही. पदर तोंडात धरला. कुरव त्यांच्या समोरूनच खाली आला. समोरूनच हो! कुणीही बघितला असता. आप्पा आपले ओढतायत. पाखरू आपटलं, तंगूस ताणला, आणि आप्पांचा चेहरा उजळला.

"लागली! कमळे, जड हाय! सुरमई मोठी हाय!"

तोवर ती सुरमई आभाळात उडाली आणि किंचाळली.

आप्पा तसेच थांबले. हातातला तंगूस वर जातोय हे त्यांना कळत होतं. वळून म्हणाले, "कमळे, तू हायस ना इथं?"

"हाय, आप्पा."

"मग ओरडली नाहीस?"

मला रडूच फुटलं. आप्पांनी हळूहळू पाखरू ओढून घेतलं. टॉवेल मी टाकला, मीच धरलं. गरी डोळ्याच्या खाली रुतली होती, अगदी खाली, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. आप्पांनी पक्कड घेतली. त्यांची बोटं आधी पाखराच्या चोचीवरून फिरली, मग गालावरून, मग गरीवर थांबली. त्यांनी खाली बघितलंच नाही. समोर समुद्राकडं तोंड करून ते बोटांनी काम करत होते, आणि मी चार वर्षांत ते पहिल्यांदा बघत होते. दात पुढं काढला, तोडला, गरी मागून काढली. पाखरू हललं नाही. मग त्यांचा हात थांबला.

"डोळा वाचला का गो? तू बघ. बघून मला सांग."

मी टॉवेल बाजूला केला. डोळा गोल, काळा, माझ्याकडंच बघत होता.

"वाचला, आप्पा."

"सोड मग."

कुरव गेला. आप्पा कातळावर बसले, मी पण बसले. मी विचारलं, "किती दिसतं?"

"सकाळी धुकं. दुपारी सगळीकडं चुना फासलेला. पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार? कावळा असता तर दिसला असता." हसायला बघत होते.

"आणि सगळी वाडी राखणदाराच्या नावानं बोंबलत होती, तेव्हा गप्प राहिलात?"

"अगो, राखणदाराचा राग कोंबड्यानं उतरतो. माझ्या डोळ्याला काय कापू?"

मग त्यांनी सगळंच सांगितलं. काशीबाई गेल्या त्या पावसाळ्यापासून असं होत चाललं होतं. पाखरं लागली तेव्हा त्यांना स्वतःलाही आधी वाटलं की पिसांमुळंच. खरंच वाटलं, शपथ घेऊन म्हणाले. कारण डोळे जातायत म्हणण्यापेक्षा राखणदार रागावलाय म्हणणं बरं. महिपतला कळलं तर घराला कुलूप. तिथं चार भिंतींत आंधळा बसून राहायचं, समुद्राचा आवाज पण नाही. एवढं बोलून म्हणाले, "तुला जायचंय मुंबईला, मला ठाऊक हाय. परवाच्या पत्राची शेवटची ओळ तू गाळलीस. आवाजावरून कळतं. लिही तू त्याला. मी रागवणार नाय."

पण मी रागावले! भयंकर रागावले. सगळं माझ्या गळ्यात घालून म्हातारा मोकळा झाला! चार वर्षं जे मागत होते ते आता एका आंतरदेशीय पत्रावर आलं होतं. दोन ओळी लिहायच्या, की चैत्रात मी नवऱ्याच्या खोलीत. आणि लिहिल्या की ह्या माणसाचा समुद्र संपला. तीन दिवस पत्र चुलीमागच्या फळीवर तसंच कोरं पडून होतं. लिहायला बसले की वाटायचं, मी लबाड आहे. नाही लिहिलं की वाटायचं, मी मूर्ख आहे. माझी मलाच मी कळेना.

वाट निघाली ती तुळसाकाकीच्या तोंडातूनच. मी तिला काही सांगितलं नव्हतं, ती आपली बोलत होती. दापोलीला शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे, तिच्या मावशीचा मोतीबिंदू मागल्या साली काढला, आता म्हातारी तांदळातले खडे वेचते. मी हातातली परात तशीच टाकून घरात धावले.

आप्पा ऐकेनात. "डोळ्यात सुरी घालणार? नको. आहे तेवढं धुकं तरी राहू दे."

"आणि पाखराच्या डोळ्याखालून तुम्ही गरी काढलीत ती? ते हललं होतं का?"

"त्याच्या डोक्यावर टॉवेल होता."

"मग टॉवेल मी धरते!" मी ओरडलेच. "एवढ्याशा पाखराला जमतं आणि तीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाला जमत नाही?"

आप्पा उठले. मग पेटीतून त्या तीन गऱ्या काढून माझ्या हातात दिल्या. "ही पिसं राखणदाराला परत देऊन ये. एका वेळी राखणदार आणि डॉक्टर, दोघांशी वैर नको." मी दोरा सोडून पिसं सुटी केली आणि त्या दगडाशी पुरून आले.

शिबिरात आत कुणाला सोडत नव्हते. मी दाराशी उभी. पण आप्पांनी तो टॉवेल खांद्यावरून काढू दिला नाही, तसाच आत घेऊन गेले. एकाच डोळ्याचं केलं. आठ दिवस पट्टी. शिमग्याला हे आले तर दारात बाप हिरवा कपडा डोळ्यावर लावून बसलेला. मला खूप बोलले, लपवलं म्हणून. मी ऐकून घेतलं. बोलायला त्यांना हक्क होता.

चष्मा चैत्रात आला. बाटलीच्या बुडासारखी भिंगं. आप्पा म्हणाले, चल खडपावर. कुरव बरेच निघून गेले होते, उरलेसुरले फिरत होते. आप्पा मान वर करून बघत राहिले. एकेक पाखरू बोटानं दाखवत होते, मला, जणू माझेच डोळे गेले होते. गरी टाकलीच नाही. मग वळून माझ्याकडं बघितलं आणि बघतच राहिले.

"कमळे, तू एवढी वाळलीस कधी गो?"

मी म्हटलं, "कुठं? बरी तर आहे."

"लग्नात कशी भरलेली होतीस. डोळ्याखाली काळं आलंय." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "दोन वर्षं मी तुला बघितलंच नाय. आज लिही महिपतला. न्यायला सांग. मला नव्हे, तुला."

चार वर्षं ह्या वाक्याची वाट बघितली होती, आणि ते आलं तेव्हा मला आनंद झाला की वाईट वाटलं, ते आजही सांगता यायचं नाही. वाडी म्हणते, पिसं परत दिली म्हणून डोळे आले. मी म्हणते, डॉक्टरनं दिले. पण भागोजींच्या त्या दोन्ही कळ्या आठवल्या की मी फार ताणत नाही.

वैशाखात निघाले. ह्यांना सुट्टी नव्हती. मुंबईला गाडीवर घ्यायला येणार होते. दापोलीच्या स्टँडपर्यंत सोडायला आप्पा आले, माझी ट्रंक स्वतः उचलून. नको नको म्हटलं तरी ऐकलं नाही. सकाळची वेळ, ही गर्दी, तीन-चार गाड्या एकदम लागलेल्या. मी त्यांच्या पाया पडले, ट्रंक घेतली आणि समोरच्या गाडीची पायरी चढले.

मागून त्यांनी माझं मनगट धरलं.

"अगो, ती चिपळूणची! मुंबई ती पलीकडची. पाटी बघावी ना चढताना? एक डोळा पाटीवर ठेवायचा."

मी मान हलवली. मला पाटी दिसतच नव्हती.